पेवावरची गुळणी

मी फार बोलते. आज नातवंडं हसतात, तेव्हा सगळं गाव हसायचं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माझे वडील आल्यागेल्याला सांगत. आणि अशा पोरीचा जीव कशावर जडावा? तर घरातल्या एकुलत्या एका अशा कामावर, जे तोंड मिटून करायचं होतं.

आमचं गाव नेकनूर आणि चौसाळ्याच्या मधलं. राज्य निजामाचं होतं, पण गावापर्यंत ते चपराशाच्या रूपानंच यायचं. घरची जमीन बरी होती. गावाबाहेर खळवाटेशेजारी आमची तीन पेवं होती. पेव म्हणजे जमिनीत खणलेला खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर लावलेला. त्यात ज्वारी भरायची, तोंडावर चिरा ठेवायचा आणि वरून माती लिंपायची. दोन पेवं घरची. तिसरं धर्माचं. खळं उरकलं की पहिली रास त्या तिसऱ्या पेवात जाई, आणि आखिती, म्हणजे अक्षय तृतीया, झाली की ते उघडत. वैशाखात गरिबाघरची गाडगी तळाला गेलेली असत आणि नवं पीक अजून फार लांब असे. ज्याला लागेल त्यानं उजाडायच्या आत यावं, पदर नाहीतर धोतराचा सोगा पुढं करावा, पायलीभर ज्वारी घ्यावी आणि निघावं. परत करायचं नाही, सांगायचं नाही.

भरायचं काम पुरुषांचं होतं, द्यायचं काम आत्याचं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी आली आणि आल्याबरोबर आजोबांच्या हातातलं माप तिनं आपल्या हातात घेतलं, असं म्हणत. त्या मापाची एक रीत होती. देणाऱ्यानं तोंडात पाण्याची गुळणी धरायची. शेवटचा माणूस जाईपर्यंत ती गिळायची नाही की टाकायची नाही. नजर मापावर ठेवायची, समोरच्याच्या तोंडावर नाही. सगळे गेले की गुळणी कडुनिंबाच्या मुळाशी टाकायची आणि मग पहिला शब्द बोलायचा.

असं का, हे मी एकदा विचारलं होतं. आत्या म्हणाली, "देताना मानूस लई बोलतंय. घेनारा ज्वारी खाऊन विसरंल, पर बोलल्यालं त्याच्या पोटात ऱ्हातंय."

मला ते तेव्हा कळलं नाही. मला फक्त ती फुगलेल्या गालांची आत्या दिसायची, मांडीशी पायली, समोर ज्वारीचा ढीग, आणि अंधारातून येणारी माणसं. राणीसुद्धा इतकी रुबाबात बसत नसेल, असं मला वाटे.

मी अकराची झाले त्या वर्षी शिवरात्रीला आत्यानं जाहीर केलं, "माझ्या गुडघ्यांनी अर्ज दिलाय. औंदा पेवावर दुसरं कुनीतरी बसंल. आत्ताच तयार करते."

सगळ्यांनी दादाकडं पाहिलं. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, बीडच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, शिकून आलेला. एक वेळ दगड बोलेल, पण दादा बोलणार नाही. त्याच्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. आणि मी उठून उभी राहिले.

"मी बसनार!"

वडील इतके हसले की त्यांना ठसका लागला. "हिच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, ही पानी काय धरनार?"

आत्या मात्र हसली नाही. "त्यो गप बसतो त्यात नवल ते काय? जिला बोलावं वाटतंय तिनंच गप बसाया शिकावं," ती म्हणाली. "दोघांना शिकवते. आखितीला बघू."

मला त्या रात्री झोप आली असेल असं मुळीच वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. तोंडात पाणी धरून अंगण झाडायचं. तोंडात पाणी धरून शेणी थापायच्या. विहिरीवर गुळणी घ्यायची आणि भरलेली घागर घेऊन घरापर्यंत यायचं, वाटेत कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही. दादाचं पहिल्या दिवशीच जमलं. तो तसाही ओ देत नसे. माझं मात्र रोज काहीतरी व्हायचं. कुत्रं मागं लागलं की मी ओरडायची, बैल हंबरला की हसायची. पहिल्या आठवड्यात माझी चोळी एकदाही कोरडी राहिली नाही.

एकदा बीडहून तहसीलचा चपराशी आला. कमरेला पट्टा, डोक्याला पागोटं, मोठा ऐटबाज गडी. मी दारात गाल फुगवून बसलेली. त्यानं विचारलं, "पाटील हायेत का घरी?" मी मान हलवली. "कुठं गेलेत?" मी शेताकडं बोट केलं. "कधी येतील?" आता याला मान आणि बोट कुठवर पुरणार? मी नुसती बघत राहिले. त्याचा चेहरा एकदम हळवा झाला. "अरेरे! इतकी देखनी पोर आन् मुकी!" असं म्हणून त्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी सरकारी पट्ट्यावर कारंज्यासारखी फुटले. वडिलांना त्या दिवशी चपराशाला दोन वेळा चहा आणि एक वेळ जेवण द्यावं लागलं. आत्या आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसत होती, ते मी पाहिलं.

पण होळीपर्यंत मला जमायला लागलं. पाडव्यापर्यंत मी गुळणी धरून दळू शकत होते. काय आनंद व्हायचा म्हणून सांगू! तोंड बंद झालं की कान उघडतात हे मला पहिल्यांदा कळलं. जात्याचा आवाज, घरातल्यांचे उसासे, चिमण्यांची भांडणं, सगळं ऐकू यायला लागलं. पाडव्यानंतर दादाच एके दिवशी आत्याला म्हणाला, "तिलाच बसू दे. मी गप बसतो खरा, पर मला तिच्यावानी बसावं वाटत न्हाई." दादाच्या तोंडून एवढी दोन वाक्यं सलग मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

आखितीच्या दुसऱ्या दिवशी पेव उघडलं. वरची माती खरवडली, पहारीनं चिरा उचलला, आणि आंबूस, ऊबदार वास भसकन बाहेर आला. एक तरणा गडी घाईनं पाय आत सोडायला लागला तसे वडील ओरडले, "थांब बे! जीव वर आलाय का?" बंद पेवातली हवा माणसाला मारते. म्हणून आधी दोर बांधून कंदील आत सोडला. तो विझला. मग दिवसभर पेव उघडं ठेवलं, संध्याकाळी पुन्हा कंदील सोडला आणि या वेळी तो ज्वारीवर टेकून जळत राहिला. मी काठावर पालथी पडून ती पिवळी ज्वारी बघत होते.

पेवातल्या ज्वारीचा वास जात नाही. ती धुवा, वाळवा, दळा, भाकरी तव्यावर पडली की वास येतोच. म्हणून आमच्या घरची आणखी एक रीत होती. धर्माचं पेव उघडलं की आमच्याही चुलीवर त्याच ज्वारीची भाकरी. गावातली बरीच खातीपिती घरंसुद्धा आमच्याकडून शेरभर मागून न्यायची, देवाचा प्रसाद म्हणून. मला तो वास मुळीच आवडायचा नाही आणि दरवर्षी मी कुरकुर करायची.

पहिली पहाट मी जिंकली. त्याला दुसरा शब्द नाही. कोंबडा आरवला, आत्यानं माझ्या हातावर तांब्यातलं पाणी ओतलं, मी गुळणी भरली आणि मापाशी बसले. पायली भरायची, वर हातानं शीग चढवायची, ती सांडू न देता पुढच्या पदरात रिकामी करायची. बाजारात मापाची शीग काढून टाकतात, इथं ती चढवायची. पदर यायचे, सोगे यायचे, एकदा तर फाटकी टोपी आली. मी फक्त हात बघत होते. सगळे गेल्यावर मी कडुनिंबाशी गुळणी टाकली आणि नाचत घरी आले. त्या दिवशी दुपारपर्यंत मी एकटीच बोलत होते.

दुसरी पहाट गुरुवारची.

बारा-पंधरा जण होऊन गेले होते. मी पायली भरली, शीग चढवली, पुढं केली. समोर एक पदर पसरला. त्या पदराखाली मला एक मनगट दिसलं. त्यावर गोंदलेली तुळस, आणि तुळशीखाली गोंदणारणीच्या चुकीनं पडलेला एक जादा ठिपका. तो ठिपका मी हजार वेळा बोटानं दाबला होता.

ही बाई आमच्या शेतात खुरपायला यायची. मी तिला मावशी म्हणायची. अर्ध्या ओव्या मी तिच्याकडून शिकले, माझी वेणी आईपेक्षा तीच घट्ट घालायची. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी कामाला हैदराबादेकडं गेला होता आणि त्याचा काही निरोप नव्हता. होळीनंतर तिच्या पायाला कोयता लागला आणि तिचं कामावर येणं थांबलं. म्हणजे दीड महिना मी तिला पाहिलंच नव्हतं. मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की मी गुळणी घटकन गिळली आणि ओरडले,

"मावशे! तू कावून आलीस गं?"

का आलीस, हे वाईट हेतूनं विचारलं नव्हतं हो. नुसती खुशी होती ती. पण शब्द बाहेर पडला. पदर हळूच मागं गेला. मावशी म्हणाली, "काय न्हाई बाय. तुला बघाया आलते." तिनं रिकामा पदर खोचला आणि लंगडत निघून गेली. तिच्या मागं उभी असलेली चार माणसंही अंधारातल्या अंधारात परत फिरली. पायली माझ्या हातात तशीच भरलेली होती.

आत्यानं माझ्या हातून माप घेतलं आणि मागं उभ्या असलेल्या दादाच्या हातात दिलं. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दुपारी मी धावत आत्याकडं गेले. "मी पाटीभर ज्वारी तिच्या घरी नेऊन देते."

"दिवसाढवळ्या पाटी घेऊन तिच्या दारात जाशील, म्हंजी गावात दवंडीच पिटलीस की."

"मग रातीला ठेवून येते."

"तिला कळंलच की कुनी ठेवली. परत आनून देईल ती. वळखती मी तिला."

"मग मी काय करू?" मी रडायला लागले. "तिच्या घरात दोन लेकरं हायेत, आत्या!"

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "माप तुला पायजे ना? मग वाट बी तूच काढ."

मी दिवसभर जेवले नाही. रागानं नाही. घास तोंडाशी नेला की त्या लेकरांची तोंडं दिसायची. माझ्या एका शब्दानं त्यांची पायली गेली होती, आणि तो शब्द कुठल्या कडुनिंबाच्या मुळाशी टाकावा हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मंगळवारी आणि शुक्रवारी आमच्या घरी देवीचा जोगवा मागायची चाल होती. घर कितीही भरलेलं असलं तरी परडी घेऊन पाच दारी जायचं आणि मूठमूठ पीठ मागून आणायचं. सगळ्या गावाला त्याची सवय होती. आई परडीला हळदकुंकू लावत होती. तिच्याकडं बघता बघता माझ्या डोक्यात एकदम काहीतरी पेटलं.

"आई, आज मी जाते!"

चार दारं मी धावतच केली. पाचवं दार मावशीचं. वाटेत मी हजार गोष्टी जुळवल्या होत्या. माफी कशी मागायची, काय समजावायचं. दारात उभी राहिले आणि सगळं विसरले. गुळणी नसताना माझ्या तोंडून शब्द न फुटण्याची ती पहिलीच वेळ.

आत मावशी चुलीशी होती. दोन्ही लेकरं उकडलेला शेवग्याचा पाला खात होती. भाकरी दिसत नव्हती.

"जोगवा वाढ, माय," एवढंच मी म्हणाले.

मावशीनं वळून पाहिलं. "मागाया आलीस व्हय?"

"व्हय."

ती उठली. कोपऱ्यातलं गाडगं घेतलं, तळाशी हात घातला. नखांनी खरवडल्याचा आवाज मला ऐकू आला. परडी मागं घ्यावी, पळून जावं, असं वाटलं. पण देवीच्या नावानं पुढं केलेली परडी मागं घेता येत नाही. आणि काल पदर मागं घेताना तिला काय झालं असेल ते मला तेव्हा, त्या दारात, हात पसरून उभी असताना कळलं. तिनं मूठभर पीठ परडीत घातलं, माझ्या कपाळाला कुंकू लावलं. मग तिची मान एकदम ताठ झाली, आणि ती अगदी पूर्वीसारखी हसली.

"पायली असती तर शीग लावून दिलं असतं बग," ती म्हणाली. "काय गं, मापावर कोन बसलंय आज?"

"दादा."

"आन् तू?"

"मी बोलले म्हनून…"

मावशीनं माझी विस्कटलेली वेणी हातात घेतली, ओढून घट्ट केली. "आत्याला सांग, उद्या मापावर तुलाच बसवा म्हनावं. मी येनार हाय. आन् दुसऱ्यांना बी घिऊन येते, काल माघारी गेलते त्यांना."

घरी मी धावले म्हणजे काय, उडतच गेले. आत्यानं सगळं ऐकलं, परडीतलं पीठ बोटांनी चाचपलं आणि त्याची एकच भाकरी थापली. तिचे तुकडे करून घरातल्या प्रत्येकाच्या ताटात एकेक ठेवला. वडिलांनीही काही न विचारता खाल्ला.

शनिवारी कोंबडा आरवला तेव्हा आत्यानं तांब्या पुढं केला. "धर."

मी गुळणी भरली. माणसं येत गेली. ती चार माणसंही आली असावीत, कारण हात जास्त होते. मग तो पदर आला. तुळस, आणि तुळशीखालचा ठिपका. मी पायली भरली. शीग चढवली, आणखी चढवली, इतकी की दाणे घरंगळायला लागले. ती तिच्या पदरात ओतत असताना डोक्यावरून हळूच आवाज आला,

"काय गं, आज कावून बोलंनास?"

अशी थट्टा करावी का हो कुणी? हसू नाकापर्यंत आलं, रडू डोळ्यांतून वाहायला लागलं, गाल फुटतील असं वाटलं. पण पाण्याचा एक थेंब ओठाबाहेर गेला नाही. मावशीनं पदराला गाठ मारली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून ती गेली. मी वर पाहिलं नाही.

सगळे गेल्यावर मी कडुनिंबाच्या मुळाशी गुळणी टाकली. आत्या काठी टेकत जवळ आली. तिचे डोळे बारीक झाले होते, काही खोडी काढायची असली की होत तसे.

"मग, कोन कोन आलतं?"

सांगण्यासारखं माझ्याजवळ किती होतं! मावशी काय म्हणाली, मी कशी हसले नाही. सगळं ओठापर्यंत आलं.

"म्या न्हाई बघितलं," मी म्हणाले. "मी माप बघत होते."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं. मग पायली उचलली, पदरानं पुसली आणि माझ्या काखेत दिली. "घरी ने. तुझ्या खुंटीला अडकव."

आम्ही गावात शिरलो तेव्हा उजाडलं होतं आणि चुली पेटल्या होत्या. आमच्या घरातून, पुढच्या गल्लीतून, शेजारच्या चारही आळ्यांतून पेवाच्या भाकरीचा तो आंबूस वास येत होता. मावशीच्या दारावरून जाताना तिथूनही येत होता. कुणाच्या घरचा वास कुठला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. त्या वर्षापासून मी त्या भाकरीवर कधी कुरकुर केली नाही.